जांगल देशाचे अनूपीकरण : शिरूर-दौंडचे नदीकाठ आणि आपली औषधी द्रव्ये

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा, जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात अभ्यासलेला आहे. पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ, ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात, गंगेच्या तीरावरील वनातून फिरत असताना भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवावा. भूमी बिघडल्यावर त्या औषधी आपला रस, वीर्य, विपाक व प्रभाव गमावून बसतात. पुढे जनपदाचा नाश करणारी वायू, उदक, देश व काल ही चार कारणे येतात. परीक्षेसाठी आपण ती चार नावे पाठ केली. हा उपदेश नदीकाठी, वनस्पतींकडे पाहत झालेला आहे, याकडे मात्र आपले लक्ष फारसे गेले नाही.

याच अध्यायात आणखी एक विचार आहे. वायूपेक्षा जल, जलापेक्षा देश आणि देशापेक्षा काल हे उत्तरोत्तर अधिक गंभीर मानावेत, कारण ते उत्तरोत्तर टाळण्यास कठीण आहेत. दूषित पाणी उकळता, गाळता येते, दुसरीकडून आणता येते. देश बिघडला तर त्यातच राहावे लागते, त्यातच पिकलेले खावे लागते व त्यातूनच औषध आणावे लागते. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत नदीकाठ आणि त्यालगतचे माळ शेतीसाठी साफ करण्याची जी क्रिया गेल्या काही दशकांत झाली, तिचा विचार या दृष्टीने व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

मूळ देशाचे स्वरूप

भीमा भीमाशंकरच्या अतिवृष्टीच्या डोंगरात उगम पावते. परंतु शिरूर-दौंडमध्ये येते तेव्हा ती पर्जन्यछायेच्या प्रदेशात आलेली असते. येथील वार्षिक पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही अनियमित. शिरूर शहराला ज्या नदीमुळे घोडनदी हे नाव पडले ती घोड नदी कुकडीला पोटात घेऊन चिंचणीच्या धरणातून पुढे इनामगावाजवळून वाहते आणि भीमेस मिळते. पुणे शहराचे पाणी घेऊन येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते. त्यापुढे भीमा दौंड शहरावरून उजनीच्या जलाशयाकडे जाते.

चरकाने कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात केलेले जांगल देशाचे वर्णन या भूमीशी ताडून पाहावे. मोकळे आकाश, काटक वृक्ष, खदिर, बदरी, शमी यांसारख्या वनस्पती, तित्तिर व लावा पक्षी आणि वात-पित्ताचे प्राधान्य. या साऱ्या खुणा येथे जुळतात. हिवर, बोर, बाभूळ, हिंगणबेट व तरवड ही येथील माळाची झाडे-झुडपे. मारवेल, पवन्या व कुसळी ही येथील गवते. शेजारच्या बारामती तालुक्यात सुपे येथे चिंकारा हरिणासाठी १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य घोषित झाले. सुमारे ५ चौरस किलोमीटरचा तो तुकडा पाहिला, म्हणजे एके काळी हा सारा प्रदेश कसा असेल याची कल्पना येते.

महसुली दप्तरात या माळांना ‘पड’, ‘पोटखराबा’ अथवा ‘गायरान’ म्हटले जाते. या शब्दांमुळे ती भूमी निरुपयोगी आहे, एके काळी तेथे घनदाट अरण्य होते व माणसाने तोडल्यामुळे माळ उरला, असा समज दृढ झाला. जुन्या मराठी संतचरित्रांतील व लोकपरंपरेतील वनस्पतींच्या उल्लेखांचा २०२५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वेगळे सांगतो. पश्चिम महाराष्ट्राच्या या कोरड्या पट्ट्यात कित्येक शतकांपासून विरळ काटेरी वृक्षांचे गवताळ माळच होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. आपल्या संहिताकारांना हे नवे नव्हते. चरकाच्या सूत्रस्थानातील अग्र्य द्रव्यांच्या संग्रहात आरोग्यकर देशांमध्ये मरुभूमीला श्रेष्ठ व अहितकर देशांमध्ये अनूप देशाला अग्रणी म्हटले आहे. ज्याला आपण पड म्हणतो, त्याला शास्त्र आरोग्यभूमी म्हणते.

नदीकाठी शेती पूर्वी नव्हती काय?

होती, आणि फार प्राचीन काळापासून होती. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या कालखंडात तेथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत नांदत होती. जव, गहू व मसूर यांचे दाणे तेथे मिळाले. पाणी वळविण्यासाठी काढलेला पाट आणि बांधही आढळला. त्याच थरांत हरिणवर्गीय प्राण्यांची हाडेही मिळाली. याचा अर्थ, नदीकाठी शेत होते आणि शेतापलीकडे माळ व त्यावरील वन्यजीवनही होते. वसाहतीच्या उत्तरकाळात मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, लोक शिकारीवर अधिक अवलंबून राहू लागले आणि अखेर गाव उठले. उत्खननकर्त्यांनी याचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले. तो निष्कर्ष पुढे चर्चेचा विषय झाला असला, तरी या खोऱ्यात पाण्याचा हिशेब चुकला की वसाहत टिकत नाही, ही शक्यता साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावाने आपल्यासमोर ठेवली आहे.

म्हणून प्रश्न शेती असावी की नसावी असा नाही. शेतकऱ्याला दोष देण्याचाही आमचा हेतू नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या पिढीला कालव्याचे पाणी मिळाले, तेव्हा तिने ऊस लावला यात नवल नाही. धरणांत जमिनी गेलेल्या कुटुंबांना लाभक्षेत्रात जमिनी मिळाल्या. त्यांनी माळ फोडला तो पोटासाठी. प्रश्न एवढाच की, शेत व पाणी यांच्यामध्ये काहीच शिल्लक ठेवायचे नाही, हे केव्हा व कसे ठरले?

अनूपीकरण कसे झाले

खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा दौंडमधून इंदापूरकडे गेला. चासकमान व डिंभे धरणांचे कालवे शिरूरला पोहोचले. भीमा व घोड नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले आणि काठावर उपसा सिंचनाचे पंप बसले. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाल्यावर त्याचे फुगवट्याचे पाणी दौंड तालुक्याच्या पूर्व टोकापर्यंत आले. न्हावरे व पाटस येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि राहू, केडगावच्या परिसरात गुऱ्हाळांची संख्या वाढली. ऊस हे वर्षभर जमिनीवर उभे राहणारे पीक. त्याला सुमारे २००० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे येथील पावसाच्या चार-पाच पट. जांगल देशात अनूप देशाचे पीक आले आणि त्यासाठी जांगल देशाचे रूपांतर अनूप देशात करावे लागले. यालाच आम्ही या लेखापुरते ‘अनूपीकरण’ म्हणतो.

नदीजवळची जमीन सर्वांत सुपीक व पाण्याला सर्वांत जवळ, म्हणून शेवटी तीही नांगराखाली आली. पूर्वी काठावर करंज, वाळुंज, जांभूळ, उंबर, निर्गुडी, कास व लव्हाळा यांचा पट्टा असे. त्याची मालकी कोणाची, हा प्रश्न सहसा उद्भवत नसे. जेसीबी यंत्र आल्यावर हा पट्टा एका दिवसात सपाट होऊ लागला. आज भीमेच्या काठाने चालताना कित्येक ठिकाणी उसाची शेवटची सरी दरडीच्या अगदी कडेवर आलेली आम्ही पाहिली आहे. एका ठिकाणी सरीच नदीत ढासळली होती आणि उसाची मुळे हवेत लोंबकळत होती.

काठाच्या पट्ट्याचे कार्य

शरीरातील स्रोतसांचे महत्त्व वैद्यांना सांगावयास नको. नदीकाठचा वनस्पतिपट्टा हे भूमीच्या स्रोतसाचे आवरण होय. त्याची कामे तीन.

पहिले काम धारणाचे. कास व लव्हाळ्याची तंतुमय मुळे वरची माती बांधून ठेवतात. करंज व उंबराची मुळे खोल जाऊन दरड धरून ठेवतात. भीमा खोऱ्यातील काळी माती भिजली की फुगते व वाळली की भेगाळते. मुळांचा आधार काढून घेतल्यास प्रत्येक पुरात काठाचा एक थर सुटतो आणि गाळ होऊन उजनीच्या तळाशी जातो. शेतकऱ्याची जमीन घटते व धरणाची पाणी साठविण्याची शक्तीही घटते.

दुसरे काम गाळण्याचे. उसाला दिलेल्या युरियाचा मोठा भाग पिकाला न लागता पाण्याबरोबर निघून जातो. वाटेत गवत व झुडपे असली, तर प्रवाहाचा वेग मंदावतो, माती खाली बसते, नत्र व स्फुरद काही अंशी मुळांकडून शोषले जातात. पट्टा नसेल, तर हे सारे थेट नदीत व विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेले पाणी बाटलीने दूध घेणाऱ्या अर्भकास विशेष घातक ठरते, कारण त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती मंदावते.

तिसरे काम आश्रयाचे. पाणपक्षी, मासे, मधमाश्या व लहान सस्तन प्राणी या पट्ट्यावर जगतात. चरकाने दूषित जलाची जी लक्षणे दिली त्यांत गंध, वर्ण, रस व स्पर्श यांच्या विकृतीबरोबरच जलचर पक्षी सोडून गेलेले आणि जलजीव क्षीण झालेले पाणी, असे लक्षण आहे. प्रयोगशाळा नसताना केलेली ही जलपरीक्षा आजही लागू पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते आणि त्यांत मुळा-मुठा व भीमा या दोन्ही नद्या होत्या. शहराचे सांडपाणी हे या प्रदूषणाचे प्रमुख कारण होय, हे खरे. परंतु त्या पाण्याला खाली वाहताना जो थोडाफार उतारा मिळाला असता, तोही काठ मोकळा केल्याने नाहीसा झाला.

भूमीवरचा परिणाम याहून संथ असतो. निचरा न होणाऱ्या काळ्या जमिनीत सतत पाणी राहिले की खालचे क्षार केशाकर्षणाने वर येतात. नीरा डाव्या कालव्यावर १८८५ पासून पाणी मिळालेल्या शेजारच्या भागाने हा अनुभव फार पूर्वी घेतला. आता शिरूर-दौंडच्या खोलगट रानांतही पांढरी फुललेली जमीन दिसते. अशा जमिनीत ऊसही येत नाही आणि पूर्वीचा माळही परत येत नाही. तेथे वेडी बाभूळ येते. ओलाव्याच्या कडेला बेशरम व पडीक बांधांवर गाजरगवत पसरते. गाजरगवत आपल्या देशात प्रथम १९५५ साली पुण्यात नोंदले गेले, हे येथे लक्षात घ्यावे.

अनूपीकरणाचा एक परिणाम तर वृत्तपत्रांतून सर्वांपुढे आला आहे. उंच, दाट व वर्षभर उभा असलेला ऊस बिबट्याला अरण्यासारखाच वाटतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसे मृत्युमुखी पडली. मोकळ्या माळावर लांडगा व चिंकारा होते. त्यांची जागा गेली आणि उसाच्या फडात बिबट्याला जागा मिळाली. देश बदलला की प्राणी बदलतात, हे जांगल व अनूप देशांच्या वर्णनातच सांगितलेले आहे.

द्रव्यांचे काय झाले

आता आपल्या व्यवसायाकडे येऊ. लघुपंचमुळातील गोक्षुर, कंटकारी व बृहती ही तीन द्रव्ये याच माळावरची, बांधावरची व नदीच्या वाळवंटातील. पुनर्नवा, शतावरी, गुडूची, विष्णुक्रांता, प्रमेहात वापरली जाणारी आवर्तकी म्हणजे तरवड, काठावरची निर्गुडी व करंज, ओलाव्यातील मुस्ता, भृंगराज, नीरब्राह्मी व कोकिलाक्ष. एवढी द्रव्ये एका नदीच्या दोन्ही बाजूंस, पाण्यापासून माळापर्यंतच्या थोड्या चढणीवर मिळत. यांपैकी एकही शासकीय अर्थाने दुर्मीळ नाही. म्हणूनच त्यांच्या ऱ्हासाची नोंद कोणी घेत नाही.

माळ फुटल्यावर गोखरू व विष्णुक्रांता जातात. काठ साफ झाल्यावर निर्गुडी जाते. बांधावर जे उरते त्यावर तणनाशक पडते. उसात २,४-डी व ॲट्राझीन सर्रास वापरले जाते. त्यांच्या दृष्टीने पुनर्नवा व माका हे केवळ तण. फवारणीतून वाचलेली वनस्पती जर कोणी गोळा करून बाजारात आणली, तर तिच्याबरोबर काय आले हे आपणास कळत नाही. नीरब्राह्मीसारखी ओलाव्यातील वनस्पती पाण्यातील जड धातू शोषून साठविते, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे जिच्यामुळे पाणी थोडे शुद्ध होते, तीच आपण सांडपाण्याच्या काठावरून तोडून मेध्य द्रव्य म्हणून रुग्णास देत नाही ना, याची खातरजमा करणे आवश्यक आहे. निर्यातीच्या आयुर्वेदीय औषधांसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून बंधनकारक झाली. शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग प्रतिदशलक्ष, या मर्यादा औषधनिर्मात्यांना परिचित आहेत. रसकल्पांमुळे आपणावर टीका होते. परंतु निव्वळ काष्ठौषधीचा नमुनाही ती ज्या भूमीतून आली त्या भूमीमुळे नापास होऊ शकतो.

सुश्रुताने सूत्रस्थानात औषधी घेण्यायोग्य भूमीचे जे निकष दिले, त्यांत खड्डे, वारुळे, स्मशान, वधस्थान इत्यादींनी दूषित झालेली जागा वर्ज्य सांगितली आहे. त्या यादीत आज सांडपाण्याचा काठ व फवारलेला बांध यांची भर घालावी लागेल.

जवळचा पुरवठा आटला की द्रव्य दुरून येते आणि दुरून येताना बदलते. पुनर्नव्याच्या जागी वसू, लहान गोखरूच्या जागी मोठा गोखरू, शंखपुष्पीच्या नावाखाली दोन-तीन वेगळ्या वनस्पती, हा गोंधळ औषधी दुकानदारांना रोजचाच आहे. २०१७ साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशात ११७८ औषधी वनस्पतींचा व्यापार चालतो आणि त्यांपैकी २४२ वनस्पतींची उलाढाल वर्षाला १०० टनांहून अधिक आहे. एवढ्या मागणीत खोडाखाली काय आहे हे पाहण्यास कोणास सवड नसते.

आपला सहभाग

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आसवारिष्टांसाठी आपणास गूळ लागतो, अवलेहांसाठी साखर लागते, आणि पुणे जिल्ह्यातील औषधनिर्मात्यांचा गूळ बहुधा याच नदीकाठांवरून येतो. दशमूलारिष्टातील दशमूळ ज्या माळावरून नाहीसे झाले, त्याच माळावरच्या उसाचा गूळ त्या अरिष्टात पडतो. शिवाय मूळ उपटून नेण्याची घाई, बी पडण्यापूर्वीच पंचांग गोळा करण्याची सवय, हे दोषही शेतकऱ्याचे नव्हेत. ते आपल्या मागणीचे आहेत. म्हणून या विषयात आपण केवळ तक्रारदार नाही.

करता येण्याजोगे

पहिली गोष्ट खरेदीची. कच्चे द्रव्य घेताना गाव, जागा व पाण्याचा स्रोत यांची नोंद मागावी. मुळा-मुठेच्या संगमाखालच्या काठावरील ओलाव्याची द्रव्ये तपासणीविना घेऊ नयेत. गुळाबाबतही हाच नियम ठेवावा व शक्य तेथे काठाचा पट्टा राखणाऱ्या शेतकऱ्यास दोन पैसे अधिक द्यावेत.

दुसरी गोष्ट काठाची. शेतकऱ्यास पट्टा सोडा म्हणणे सोपे. त्यातून त्याला उत्पन्न दिसले तरच तो सोडील. करंज बी, जांभूळ बी, उंबर साल, अर्जुन साल व निर्गुडी पाला यांस आपल्याकडे नियमित मागणी आहे. चार-पाच औषधनिर्मात्यांनी एकत्र येऊन एखाद्या गावाशी खरेदीचा लेखी करार केला, तर काठावरची ही झाडे सरपणाऐवजी मालमत्ता ठरतील.

तिसरी गोष्ट माळाची. उरलेल्या माळावर वृक्षारोपणाचे कार्यक्रम हौसेने करू नयेत. ग्लिरिसिडिया अथवा सुबाभूळ लावून माळ हिरवा दिसतो, परंतु गोखरू, विष्णुक्रांता व मारवेल सावलीत मरतात. माळ माळ म्हणूनच राखावा. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी निर्णय दिला. गायरान वाचविण्यासाठी ग्रामसभेला त्याचा आधार आहे.

चौथी गोष्ट नोंदीची. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही असावयास हवी. अनेक नोंदवह्यांत औषधी वनस्पतींचे पान घाईने भरलेले असते. ज्या गावात आपले चिकित्सालय आहे, तेथील वहीत कोणती वनस्पती कोणत्या ओढ्याकाठी, कोणत्या महिन्यात दिसते, हे वैद्याने स्वतः लिहावे. ज्याची नोंद नाही, ते गेल्याचेही कोणास कळत नाही.

अखेरची गोष्ट रुग्णपरीक्षेची. दशविध परीक्ष्य भावांत देश आहे. शिरूर-दौंडच्या रुग्णाचा देश ‘जांगल’ असे लिहून आपण पुढे जातो. त्याचे घर कालव्याखाली आहे काय, विहीर उसाच्या रानात आहे काय, फवारणी कोण करतो, हे विचारावे. ग्रंथातला देश व रुग्णाचा देश यांत अंतर पडले असेल, तर चिकित्साही त्याप्रमाणे बदलावी लागेल.

आत्रेयांनी शिष्यास सांगितले ते भूमी बिघडण्यापूर्वीचे कर्तव्य होते. कोठारात भरून ठेवण्याइतकी औषधी आज कोणाही एकाकडे राहणार नाही; भूमी राखणे हाच आता संग्रह. इनामगावजवळ घोड नदीच्या काठी अद्याप काही ठिकाणी करंज आहेत, त्यांच्याखाली निर्गुडी आहे आणि वरच्या मुरमाड माळावर पावसाळ्यात विष्णुक्रांतेची निळी फुले येतात. येत्या श्रावणात आपल्या विद्यार्थ्यांना वनस्पतिदर्शनासाठी सह्याद्रीत नेण्यापूर्वी एक दिवस तेथे न्यावे, अशी आमची सर्व वैद्यबंधु-भगिनींना विनंती आहे.